शोकेसमधले हत्ती

प्रवासाची आठवण म्हणून विकत घेतलेल्या वस्तूचं नशीब मोठं विचित्र असतं. घेताना तिच्यासाठी पाच-दहा रुपयांवरून हुज्जत घालायची, आणताना तिला टॉवेलात गुंडाळायचं, घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी ती फुटली नाही ना ते बघायचं. आणि एकदा का ती शोकेसच्या काचेआड गेली, की दिवाळीच्या साफसफाईखेरीज तिला कुणी बोट लावायचं नाही. मराठी घरातली शोकेस नीट वाचता आली तर त्या कुटुंबानं नोकरीतली एल.टी.सी.ची प्रवास-सवलत कुठेकुठे वापरली ते सांगता येतं. कन्याकुमारीचा शंख, सावंतवाडीची लाकडी फळं, पंढरपूरचा पितळी विठोबा, आणि आग्र्याचा ताजमहाल तर असतोच असतो.

जबलपूरच्या घमापुरात राहणाऱ्या आमच्या आत्याची शोकेस मात्र वेगळी. तिच्यात देश नाही, नुसता भेडाघाट आहे. याचं कारण सोपं आहे. आत्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भेडाघाटला नेतात. पाहुणा धुवांधार धबधबा बघतो, पंचवटी घाटावरून नावेत बसतो, नावाड्याची यमकं ऐकून हसतो, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढून धापा टाकतो आणि परतताना दगडी वस्तूंच्या दुकानापाशी त्याला आठवतं, की आपण आत्याकडे रिकाम्या हातानं आलो आहोत. मग तो एक हत्ती घेतो. अशा रीतीनं भेडाघाटचा हत्ती वीस-पंचवीस किलोमीटर प्रवास करून घमापुरात येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पन्नास वर्षांचा संसार, मराठी नातेवाइकांचा गोतावळा, त्यामुळे आत्याकडे हत्ती इतके झाले आहेत की एखाद्या संस्थानिकाला हेवा वाटावा. पोटात आणखी एक हत्ती असलेला जाळीचा हत्ती, सोंड वर केलेला, सोंड खाली घातलेला, सोंडच नसलेला. सोबत पिंड्या, नंदी, उदबत्तीची घरं, आणि नवऱ्याचं नाव कोरलेलं एक पेपरवेट. तेही आत्याच्या नवऱ्याचं नव्हे. कुणीतरी दुसऱ्यासाठी कोरून घेतलेलं आणि इथे विसरलेलं.

या सगळ्यात ताजमहाल एकच. तो आत्या आणि आतोबांनी लग्नानंतर स्वतः आणलेला, आत बल्ब लागतो असा. त्याचा एक मिनार 22 मे 1997च्या पहाटे भूकंपात पडला. मदनमहालच्या टेकडीवरची ती एका टोकावर तोललेली शिळा, जिला सगळे बॅलन्सिंग रॉक म्हणतात, ती त्या भूकंपात जागची हलली नाही, याचा जबलपूरकरांना केवढा अभिमान! आत्याच्या ताजमहालाबद्दल मात्र कुणी काही लिहिलं नाही.

आमचे चिरंजीव दहावीची परीक्षा देऊन आमच्याबरोबर आत्याकडे आले ते स्पंज घातलेल्या डब्यात आपलं सैन्य घेऊन. हल्लीची मुलं पडद्यावरच लढतात असं मला वाटायचं. पण आमच्या पुण्यात टेबलावरच्या युद्धखेळाचा नाद लागलेली मंडळी आहेत. 28 मिलिमीटर उंचीचे शिपाई, प्रत्येकाचा पट्टा, बक्कल, भुवया सूक्ष्म ब्रशनं रंगवलेल्या; टेबलावर डोंगर, नदी, पडकी घरं; हातात मोजपट्टी आणि फासे. शिपाई किती इंच चालला, मध्ये टेकडी आहे का, बाण लागला की आडोशाला अडला, सगळं नियमानं. एकेका शिपायाची किंमत ऐकून मी एकदा जेवता जेवता थांबलो होतो. आणि या मंडळींच्या मते सैन्यापेक्षा अवघड असतं ते रणांगण. शिपाई दुकानात मिळतो, डोंगर स्वतः करावा लागतो.

आत्याकडे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झालेले असताना चिरंजीव शोकेससमोर उकिडवे बसलेले दिसले. डोळ्यांत चोराची चमक. हातातल्या पट्टीनं तो काचेबाहेरून हत्ती मोजत होता.

"बाबा, हे स्केलमध्ये आहेत."

त्याचं गणित बरोबर होतं. 28 मिलिमीटरचा माणूस म्हणजे साधारण छप्पन्नास एक हे प्रमाण धरतात. तीन मीटर उंच हत्ती या हिशेबानं सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटरचा, म्हणजे दोन इंची. आणि भेडाघाटचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त खपणारा हत्ती दोन इंची. पाहुण्यांच्या चिकटपणामुळे आत्याकडे आयतं गजदळ जमा झालं होतं.

परवानगी मागायला तो आत्याकडे गेला नाही, आतोबांकडे गेला. यावरून मुलगा हुशार आहे हे माझ्या लक्षात आलं.

आतोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. जबलपुरात हे सांगण्यात विशेष काही नाही. घमापुरातून रांझीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दगड मारला तर तो जी.सी.एफ. नाहीतर खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या माणसाला लागेल. मराठी माणसं इथे आली ती टप्प्याटप्प्यानं. आधी पेशवाईत सागरकरांबरोबर, मग नागपूरकर भोसल्यांबरोबर, 1817 साली भोसल्यांचा अंमल गेल्यावर पोटापाण्याच्या इतर वाटांनी. 1870 साली मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले रेल्वेचे रूळ जबलपुरात जुळले, तेव्हा रेल्वेवाली आली. 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली, तेव्हा आतोबांचे आजोबा आले. तोफ जिच्यावर बसते ती गाडी, तिची चाकं, तिचा कणा, धक्का सोसण्याची तिची ताकद यांतच तीन पिढ्या गेल्या. अलीकडे याच फॅक्टरीतून 155 मिलिमीटरची धनुष तोफ लष्कराला गेली, तेव्हा निवृत्त आतोबांनी गल्लीत पेढे वाटले होते, जणू नातू झाला.

अशा माणसाला पोरगं विचारतं, "आजोबा, एक लढाई करायची का?"

"कोणती?" आतोबा उठून बसले.

इथे बाहेरच्या कुठल्या लढाईची गरजच नव्हती. नर्रई इथून जवळ, बरेल्याच्या बाजूला. 24 जून 1564 रोजी गोंडांची राणी दुर्गावती तिथे लढताना पडली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गौर आणि नर्मदा, मध्ये अरुंद वाट. समोर अकबराचा सरदार असफखान. राणी स्वतः हत्तीवर, त्याचं नाव सरमन. पहिल्या चकमकीत मोगल मागे हटले. राणीचं म्हणणं होतं, आज रात्रीच छापा घालू. सरदारांनी ऐकलं नाही. सकाळी असफखानाच्या मोठ्या तोफा येऊन पोचल्या, आणि पुढचं सगळ्या जबलपूरला पाठ आहे. पुढे राणीचा चौरागड किल्ला घेतल्यावर असफखानाच्या हाती हजारभर हत्ती लागले आणि त्यानं अकबराकडे पाठवले जेमतेम दोनशे, असं अबुल फझलनं लिहून ठेवलं आहे. आतोबांना या लढाईतली सगळ्यात चीड येणारी गोष्ट ही. "आठशे हत्ती स्टोअरमधून गायब! आणि इन्क्वायरी नाही!" सरकारी नोकरी केलेल्या माणसाचा संताप वेगळा असतो.

मग जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढलं गेलं.

आता आपण मराठी माणसं या कामात अगदीच अनोळखी नाही. दिवाळीत अंगणात विटा रचून, त्यावर पोतं टाकून, चिखल थापून किल्ला करायचा, हळीव पेरून त्यावर हिरवळ उगवायची, चुन्याची पायवाट आखायची आणि मातीचे मावळे उभे करायचे, हे युद्धभूमी रचण्याचंच काम आहे. फक्त आपल्याकडे प्रमाणाचा जाच नाही. दरवाजापेक्षा पहारेकरी उंच, तोफेपेक्षा कोंबडा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. कुणाला काही खटकत नाही, कारण महाराज मोठे होतेच. युरोपातल्यांनी हाच खेळ मोजूनमापून केला. 1812 साली राइसविट्झ नावाच्या माणसानं प्रशियाच्या राजासाठी एक टेबल करून दिलं होतं, खण असलेलं, त्यात डोंगर-नद्यांचे सुटे तुकडे. हवे तसे मांडायचे आणि लढायचं. त्याच्या मुलानं तो खेळ नकाशावर आणला आणि लष्करी अधिकारी तो गंभीरपणे खेळू लागले. 1913 साली एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून तो घरच्या फरशीवर उतरवला. शिशाचे शिपाई, स्प्रिंगची खेळण्यातली तोफ, लाकडी ठोकळ्यांची घरं. वेल्सनं खेळणाऱ्यांची वयोमर्यादा दीडशे वर्षांपर्यंत ठेवली होती, तेव्हा आतोबांना अजून भरपूर वाव होता.

डोंगराचं काम आधी निघालं. नव्या फ्रिजबरोबर आलेलं थर्माकोल आत्यानं माळ्यावर जपून ठेवलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. चिरंजीव ते कापत असताना मध्ये आधाराला काहीतरी हवं म्हणून शोधाशोध झाली आणि आतोबांची नजर ताजमहालावर गेली.

"पण तो स्केलमध्ये नाही," मुलगा म्हणाला. आतोबांनी पेन्सिल काढून हिशेब केला. खरा ताजमहाल सुमारे 73 मीटर; छप्पन्नास एक म्हणजे टेबलावर एक मीटर तीस सेंटिमीटर. आपल्याकडचा सहा इंच. शिवाय लढाई 1564ची, आणि ताजमहाल शाहजहानच्या काळातला.

"म्हणजे दिसता कामा नये," आतोबांनी निकाल दिला, आणि ताजमहाल नर्रईच्या डोंगराच्या पोटात गेला. वरून थर्माकोल, त्यावर कागदाच्या चिंध्या, त्यावर फेविकॉल, त्यावर नर्मदेची चाळलेली रेती. वायर तेवढी मागून बाहेर काढली. स्प्रेचा रंग मी आणून दिला होता, पण तो थर्माकोलला खातो असं कळल्यावर परत गेला. साधा पाण्यात कालवायचा रंगच चांगला.

दगडी वस्तू रंगवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. विकणारा सगळ्याला सरसकट मार्बल म्हणतो, पण त्यातल्या बऱ्याच वस्तू मऊ शंखजिऱ्याच्या असतात, नखानं ओरखडा उठतो. खऱ्या संगमरवराला नख लागत नाही. कोरायला हा दगड सोपा, म्हणून वस्तू स्वस्त. वर मेणाचं पॉलिश असतं आणि त्यावर रंग धरत नाही. मग सगळे हत्ती परातीत घालून गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणानं धुवून काढले. पॉलिश पेपरनं घासले. आधी काळपट तपकिरी रंगाचा पातळ हात, तो सुरकुत्यांत, कानामागे, जाळीच्या खाचांत उतरतो. मग राखाडी रंगात बुडवलेला ब्रश वर्तमानपत्रावर पुसून पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि अंगावरून हलकेच ओढायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. दोन मिनिटांत तो गुळगुळीत पांढरा बाहुला जाऊन तिथे खडबडीत कातडीचं, पाठीवर धूळ बसलेलं जनावर उभं राहतं. मी हे बघत बसलो होतो आणि पहिल्यांदाच मला त्या कारागिराचं कौतुक वाटलं. पांढऱ्या पॉलिशखाली त्यानं हत्तीच्या गुडघ्यावरच्या घड्या कोरलेल्या होत्या. इतकी वर्षं शोकेसमध्ये त्या कुणाला दिसल्या नव्हत्या.

आत्या देवळातून आली ती याच वेळी.

"काय करून राहिलात रे तुम्ही?"

कुणी काही बोललं नाही. तिनं परातीत बघितलं, टेबलाकडे बघितलं, रिकाम्या शोकेसकडे बघितलं. हत्तींबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मला वाटतं तिला सुटल्यासारखंच झालं असावं. धूळ तीच पुसत होती. पण टेबलाच्या कडेला नदीकाठचे खडक म्हणून चिरंजीवांनी गोटे मांडले होते, आणि ते तिनं स्वतः नर्मदेतून आणलेले होते.

"ते उचल आधी. नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर. त्यांच्यावर काय घोडे नाचवणार?"

मुलगा पुण्याचा, वाद घालायला तयार. पण आतोबांनी पन्नास वर्षांच्या अनुभवातून मार्ग काढला. गोटे राहतील, पण त्यांच्या मध्ये शोकेसमधली पिंडी ठेवायची, समोर नंदी. ते झालं देऊळ. नियम असा, की त्या आवारात कुठलंही सैन्य शिरणार नाही आणि त्यावरून बाण सोडणार नाही. आत्यानं अट घातली, रोज सकाळी ती तिथे एक फूल ठेवणार. ते फूल रणांगणावर पिंपळाच्या झाडाएवढं दिसायचं. चिरंजीवांनी त्याला आडोसा म्हणून मान्यता दिली. नंतर माझ्या लक्षात आलं, की त्या एका देवळामुळे नदीकाठची वाट निम्मी झाली आणि असफखानाची फार पंचाईत झाली. आतोबा राणीच्या बाजूनं खेळणार होते हे सांगायचं राहिलं.

नदी निळी रंगवलेली आतोबांनी पुसायला लावली. "जून आहे. गौर अशी निळी असते का कधी? गढूळ कर." मग चहाच्या रंगाची नदी झाली, वर व्हार्निश.

शेजारचा पाच-सहा वर्षांचा मुलगा दारात येऊन हे सगळं बघत होता. संध्याकाळी त्यानं आपलं सगळ्यात प्रिय खेळणं आणून दिलं: लांब मानेचा हिरवा प्लास्टिकचा डायनोसॉर. चिरंजीव म्हणाले, हा चालणार नाही. आतोबा म्हणाले, का नाही? आपल्या फॅक्टरीच्या शेजारी बडा शिमला टेकडी आहे. त्याच भागात स्लीमननं, त्या ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या कॅप्टननं, 1828 साली हाडं उचलली आणि ती पुढे डायनोसॉरची निघाली, टायटॅनोसॉरस. लांब मानेचाच. "इथला सगळ्यात जुना रहिवासी आहे तो. गोंडांच्याही आधीचा." शेजाऱ्याचा डायनोसॉर मग डोंगरामागे तटस्थ म्हणून उभा राहिला. खेळात त्याचा कुणालाच त्रास झाला नाही.

सैन्य कमी पडत होतं. चिरंजीवांचे शिपाई मोगल झाले, जरी त्यातले निम्मे लोखंडी टोप घातलेले फिरंगी होते. गोंड पायदळाला आत्याच्या बरणीतले चिंचोके. चिंचोका म्हणजे दहा तिरंदाज. भुवया रंगवणाऱ्या मुलाला हे सहन होत नव्हतं, पण संख्याबळापुढे त्याचं काही चाललं नाही.

तोफेवरून मात्र खरा वाद झाला. मुलाकडे एक धातूची छोटी तोफ होती, पुण्याहून आणलेली, सुबक. आतोबांनी ती चष्मा वर करून पाहिली आणि खाली ठेवली.

"हे चाक या वजनाला टिकणार नाही. आरे बघ केवढे बारीक. आणि ही चिखलात कशी आणणार तुझा असफखान?"

"आजोबा, तो गेम आहे."

"म्हणून काय झालं? तोफ उडवायला अक्कल लागत नाही, पोचवायला लागते."

जन्मभर तोफांच्या गाड्यांत घालवलेल्या माणसाला बिनतोफेची बाजू का घ्यावीशी वाटली, ते तेव्हा कळलं. त्यांना शत्रूच्या तोफेची सगळी दुखणी ठाऊक होती. त्यांनी नियम घालून दिला: दर डावाला तोफेसाठी वेगळा फासा, एक किंवा दोन पडले तर चाक रुतलं. चिरंजीवांनी खूप कुरकुर केली, पण जूनमधला चिखल त्यालाही नाकारता येईना. आणि तोफा मागे राहिल्याच होत्या की खऱ्या लढाईत, पहिल्या दिवशी.

पहिला दिवस इतिहासाप्रमाणे झाला. सरमन, म्हणजे सोंड वर केलेला हत्ती, वाटेच्या तोंडाशी ठाण मांडून बसला. चिंचोक्यांनी डोंगरावरून मारा केला. फिरंगी टोप घातलेले मोगल मागे गेले. तोफेचं चाक दोनदा रुतलं आणि दोन्ही वेळा आतोबांनी टाळी वाजवली. मग अंधार पडला, म्हणजे चिरंजीवांनी ट्यूबलाइट बंद केली आणि डोंगराच्या मागची वायर प्लगमध्ये लावली. रेतीच्या फटींतून ताजमहालाचा बल्ब पिवळा उजेड फेकू लागला, जागोजागी शेकोट्या पेटल्यागत.

आता आला तो प्रश्न. रात्री छापा घालायचा की नाही? राणीनं एकटीनं ठरवायचं नाही, सरदारांना विचारायचं, असा मुलाचा नियम. सरदार म्हणून घरातली उरलेली माणसं. मी म्हटलं, घालावा. माझ्या बायकोनं मत राखून ठेवलं. आतोबांनी आत्याकडे वळून विचारलं, "काय ग? साडेचारशे वर्षं झाली, सगळे म्हणतात त्या रात्री निघायला हवं होतं. निघू या?"

आत्या हातात कुकरची शिटी घेऊन उभी होती.

"आता रात्रीचं कुठं जाता? उद्या बघा. आधी टेबल रिकामं करा, जेवून घ्या."

नर्रईच्या लढाईत सरदार असेच काही बोलले असतील असं मला प्रथमच पटलं. टेबल अर्थातच रिकामं झालं नाही, सगळे जमिनीवर पानं मांडून जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच फाशाला सहा पडला, तोफा चिखलातून सुटल्या आणि दुपारपर्यंत चिंचोके बरणीत परतले.

आतोबांनी हार मानली नाही. त्यांचं म्हणणं, हत्ती कमी पडले. दुसऱ्या फळीला राखीव हत्ती हवे होते. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही भेडाघाटला गेलो तेव्हा त्यांनी धुवांधारकडे बघितलंसुद्धा नाही. तडक दगडाच्या दुकानांकडे.

"टूटे हुए हाथी हैं?" त्यांनी विचारलं.

दुकानदार चक्रावला. सोंड मोडलेले, कान उडालेले हत्ती त्याच्याकडे मागे गोणीत होते; ते कुणी मागेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं गोणी ओतली. आतोबा पट्टी लावून एकेक निवडू लागले, दोन इंची तेवढेच. मोडलेली सोंड त्यांना चालत होती, किंबहुना लढून आलेला म्हणून ते त्याला आधी उचलत होते.

"काए बड्डे, इत्ते टूटे हाथी का करहो?"

"रानी दुर्गावती की फ़ौज है," आतोबा मान वर न करता म्हणाले.

दुकानदारानं क्षणभर विचार केला, आणि फळीवरचा एक अखंड, पॉलिश केलेला, सोंड वर उचललेला हत्ती काढून त्या ढिगाशेजारी ठेवला.

"हओ, तो एक साबुत भी ले जाओ. रानी टूटे पे बैठहें का?"

त्या एकाची किंमत त्यानं अख्ख्या गोणीच्या दुप्पट सांगितली. आतोबांनी पहिल्यांदाच हुज्जत घातली नाही.